कुलूप दादाचे, हेलपाटे ताईचे

अलीकडे एक नवीनच वाक्य कानांवर येऊ लागले आहे. 'अहो, हल्ली यावे कुठे लागते? तिकडे बसल्याबसल्या इकडचे घर विकता येते!' सांगणारा उत्साहाने सांगतो आणि ऐकणारा मान डोलावतो. फराळाचा डबा जर साता समुद्रांपलीकडे पोचतो, तर दोन खोल्यांच्या ब्लॉकसाठी एवढा आटापिटा कशाला, असा एकंदर सूर असतो. माझे भांडण आहे ते या वाक्याशी. सणासुदीला ते उकरून काढल्याबद्दल वाचकांनी रागावू नये; कारण ज्यांच्याशी हे भांडण आहे ती मंडळी नेमकी याच आठवड्यात घरी येतात, आणि येत नाहीत ती निदान फोनवर तरी सापडतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे. दुरून घर विकले जाते, ही एक सोयीची समजूत आहे. मालक दूर असतो एवढेच त्यात खरे. विक्रीसाठी जी पायपीट लागते ती जवळच्या कुणाला तरी करावीच लागते. ते 'कुणीतरी' म्हणजे बहुधा गावात राहिलेली बहीण. बहीण नसेल तर धाकटा भाऊ, नाहीतर शेजारचे सत्तरीतले काका. खरेदीखतात या माणसाचे नाव आलेच तर 'तर्फे मुखत्यार' एवढ्या दोन शब्दांपुरते येते, आणि हिशेबात तर तेवढेही येत नाही.

स्वारगेटच्या आसपासचा मुलूख डोळ्यांपुढे आणा. एका अंगाला शंकरशेट रस्ता आणि मुकुंदनगर, दुसऱ्या अंगाला सारसबाग आणि पर्वतीचा पायथा, पलीकडे सहकारनगर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या पुराने उघड्यावर आलेल्या कुटुंबांच्या सहकारी गृहरचना संस्था ज्या भागांत उभ्या राहिल्या, त्यांत सहकारनगर हे ठळक नाव आहे. पुढच्या वीस-तीस वर्षांत या साऱ्या परिसरात तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती झाल्या. शाळामास्तर, बँकेतले कारकून, सरकारी नोकर यांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून आणि कधी बायकोच्या पाटल्या मोडून ते ब्लॉक घेतले. त्या ब्लॉकमध्ये मुले अभ्यास करून मोठी झाली, आणि एके दिवशी बोजे उचलून मुंबईच्या विमानतळाकडे किंवा बंगळूरच्या गाडीकडे निघून गेली. म्हातारा-म्हातारी काही वर्षे गॅलरीत बसून रस्ता पाहत राहिली. मग तीही गेली. आता दाराला कुलूप आहे.

दिवाळीत हे कुलूप ओळखायला दाराशीही जावे लागत नाही. खाली रस्त्यावर उभे राहून वर पाहावे. ज्या गॅलरीत आकाशकंदील नाही ती तीच.

अशी घरे थोडीथोडकी नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली होती. आणि २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात रिकाम्या घरांच्या संख्येत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता, सुमारे वीस लाख. ही सारीच परगावी गेलेल्यांची असतात असे नव्हे. गुंतवणूक म्हणून घेतलेली, न खपलेली, कोर्टात अडकलेलीही त्यात आली. पण स्वारगेटच्या परिसरात जुन्या सोसायटीच्या जिन्यात ज्या दारांवर धूळ बसली आहे, त्यांची कथा बहुधा मी वर सांगितली तीच असते.

अशा मालकाला विचारावे, 'विकत का नाही?' उत्तर ठरलेले: 'आईवडिलांच्या आठवणी आहेत हो तिथे.' आठवणींची टवाळी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण आठवणी कोण सांभाळतो आणि घर कोण सांभाळतो, हे एकदा पाहू या. आठवणी दादा सांभाळतो. त्या न्यू जर्सीतही नीट राहतात. घर मात्र ताईला सांभाळावे लागते. महिन्यातून एकदा खिडक्या उघडणे, उंदरांचा बंदोबस्त, गच्चीतून झिरपलेल्या पाण्याने खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या छताला आलेली ओल आणि त्यावरून खावी लागणारी बोलणी, सोसायटीची वर्गणी, विजेचे बिल, महापालिकेचा कर. या करात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत मिळण्याची पुण्याची रीत १९७० पासूनची; मध्यंतरी ती बंद झाली आणि २०२३ पासून पुन्हा सुरू झाली. पण ती सवलत राहत्या घराला आहे, बंद कुलपाला नाही. तेव्हा आठवणींचे भाडे भरावे लागते, आणि रांगेत उभे राहून ते भरणारा माणूस बहुतेक वेळा आठवणी काढणारा नसतो.

शेजाऱ्यांचेही ऐका. या इमारती आता म्हाताऱ्या झाल्या. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत धावू लागली, जागांचे भाव चढले, आणि जिकडेतिकडे पुनर्विकासाच्या सभा भरू लागल्या. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. 'एकूण सभासद' हे शब्द नीट वाचावेत. सभेला न आलेला, पत्राला उत्तर न देणारा सभासदही त्या एकूणात धरला जातो, म्हणजे त्याचे मौन नकारासारखेच मोजले जाते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. लिफ्ट हवी तर नवी इमारत हवी, नवी इमारत हवी तर सह्या हव्यात, आणि सह्या करणारे परदेशात झोपलेले असतात, कारण इकडे सभा असते तेव्हा तिकडे रात्र असते. बंद घर कुणाला त्रास देत नाही, असे म्हणणाऱ्याने त्या आजींना एकदा भेटावे.

ज्याला खरोखर परत यायचे आहे, त्याने घर अवश्य ठेवावे. म्हातारपणी पुण्यात येऊन पर्वती चढण्याचे स्वप्न मीही समजू शकतो. पण परत येणाऱ्याजवळ एक साल असते: मुलीचे शिक्षण झाले की, किंवा साठी झाली की. ज्याच्याजवळ साल नाही, 'बघू पुढे' एवढेच आहे, त्याने मनाशी कबूल करावे की आपण घर ठेवलेले नाही, निर्णय टाळून ठेवला आहे. अशाने विकावे. इथपर्यंत वाचून दादा म्हणेल, 'मीही तेच म्हणतो! विकू या. ताई, तू जरा बघतेस का?'

या 'जरा'त काय काय मावते, त्याची यादी एकदा कुणीतरी छापलीच पाहिजे. म्हणून मी छापतो.

पहिले काम मालक कोण ते ठरवण्याचे. भागदाखला वडिलांच्या नावावर असतो. त्यांनी सोसायटीत नामनिर्देशन केले होते म्हणून दादा स्वतःला मालक समजतो. पण नामनिर्देशित माणूस म्हणजे वारस नव्हे. सहकार कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनेही अशा माणसाला वारस ठरेपर्यंत तात्पुरते सभासदत्व दिले आहे, मालकी नव्हे. तेव्हा मृत्युपत्र शोधा; नसेल तर सगळे वारस गोळा करा, दाखले काढा, हक्कसोडपत्रे नोंदवा. दुसरे काम कागदांचे: बिल्डरशी झालेला मूळ करारनामा, मधल्या प्रत्येक खरेदीची साखळी, मुद्रांक भरल्याच्या पावत्या. हे सारे एका पत्र्याच्या ट्रंकेत असते आणि ट्रंक माळ्यावर असते. तिसरे काम गिऱ्हाइकांचे. दलाल फोन करणार, दार ताईने उघडायचे. गिऱ्हाईक येणार रविवारी, तेही जेवणाच्या वेळी. स्वयंपाकघर लहान आहे म्हणून नाक मुरडून जाणार. चौथे काम सोसायटीचे. हस्तांतराचे अधिमूल्य २००१ च्या परिपत्रकाने जास्तीत जास्त पंचवीस हजारांवर बांधून दिलेले आहे. तरीही 'स्वखुशीच्या' देणगीचा विषय निघतोच, आणि खुशी कुणाची यावर ताईलाच वाद घालावा लागतो. मग खरेदीदाराच्या वकिलाची जाहीर नोटीस, त्याच्या बँकेचा मूल्यमापक, विसार पावती, साठेखत, आणि शेवटी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठे आणि फोटो.

या सगळ्यासाठी दादा करतो एकच गोष्ट: कुलमुखत्यारपत्र पाठवतो. तेही सोपे नसते. परदेशात राहणाऱ्याने ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारताच्या वकिलातीत करायचे. हिंदुस्थानात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरायचे. आईवडील, पती-पत्नी, भाऊबहीण, मुले यांना मोबदल्याशिवाय दिलेल्या मुखत्यारपत्राला शुल्क नाममात्र आहे. परक्या माणसाला विक्रीचा अधिकार द्याल तर खरेदीखताइतके शुल्क पडते. म्हणजे कायद्यानेच दादाला ताईकडे पाठवले आहे म्हणायचे! त्यातही हेतू चांगला आहे. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घरे विकण्याचा जो बाजार देशभर मांडला गेला होता, त्याला सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली 'सूरज लँप' खटल्यात चाप लावला: अशा कागदाने मालकी जात नाही, नोंदवलेले खरेदीखतच हवे. मात्र नात्यातल्या माणसाला मालकाच्या वतीने खरेदीखत करून देण्यासाठी दिलेले खरेखुरे मुखत्यारपत्र चालते, हेही न्यायालयाने त्यातच सांगितले. मालकाने डोळे मिटले की मुखत्यारपत्रही बहुधा तिथेच संपते. म्हणून नोंदणीच्या वेळी 'मालक हयात आहे, अधिकार रद्द झालेला नाही' असे ताईने लिहून द्यायचे असते. दादाच्या हयातीची जबाबदारीसुद्धा तिच्याच सहीवर!

आता पैशाचे. विकणारा इथला रहिवासी असेल आणि किंमत पन्नास लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर खरेदीदार एक टक्का प्राप्तिकर कापून घेतो. नव्वद लाखांच्या ब्लॉकवर नव्वद हजार. विकणारा कायद्याने अनिवासी असेल तर गणितच बदलते. जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के दर आहे, आणि प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नसेल तर सावध खरेदीदार तो संपूर्ण किमतीवर कापतो: निदान सव्वाअकरा लाख, अधिभार आणि उपकर वेगळे. जास्तीचे कापलेले पुढे विवरणपत्र भरून परत मिळते. पण ते पुढे. दादा ही गोष्ट सुरुवातीला सांगत नाही. कधी त्याला ठाऊक नसते, कधी 'गिऱ्हाईक बिचकेल' अशी भीती असते. मग विसार घेऊन झाल्यावर ती बाहेर येते, खरेदीदार संतापतो, आणि तो संताप समोर बसलेल्या बाईवर निघतो. समोर बसलेली बाई ताई असते. दादा पडद्यावर असतो आणि त्याचा आवाज नीट ऐकू येत नाही.

आणि आता खरे बोलायचे ते बोलतो. ज्या घरासाठी ताई हे हेलपाटे घालते, त्या घरात तिचा वाटा किती? पुष्कळ ठिकाणी उत्तर 'काही नाही' असे आहे, कारण वडील गेल्यावर तेराव्याला नाहीतर पुढच्या भाऊबीजेला तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले गेले आणि 'माहेर तुटू नये' म्हणून तिने सही केली. मुलीला हक्क २००५ साली मिळाला, असे सर्रास म्हटले जाते. ते एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीपुरते खरे; आणि वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो हक्क जन्मतःच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. पण वडिलांनी स्वकष्टाने घेतलेल्या ब्लॉकचे काय? हिंदू वारसा कायदा १९५६ चा. मृत्युपत्र नसेल तर त्या ब्लॉकमध्ये मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, आईचाही तितकाच, आणि तो तेव्हापासून आहे. स्वारगेटच्या बहुतेक इमारती त्या कायद्यानंतर बांधल्या गेल्या. म्हणजे त्यांच्या भिंती उभ्या राहण्यापूर्वीच त्यांत लेकीचा वाटा होता. आपणच तो सणाच्या ताटाखाली झाकला. भाऊबीजेला ओवाळणीत हजाराची पैठणी आणि कागदावर लाखांची सोडचिठ्ठी, असला हिशेब ज्या घरात झाला आहे, त्या घराने बहिणीला 'जरा बघतेस का' म्हणताना निदान चाचरावे.

यावर दादाचे दोन आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. पहिला: 'मला रजा नाही. व्हिसाचे शुक्लकाष्ठ मागे आहे. एकदा देशाबाहेर पडलो तर परत प्रवेश मिळेल की नाही याची धास्ती असते.' मान्य. असा माणूस खरोखर अडकलेला असतो आणि त्याला दोष देणे क्रूरपणाचे होईल. दुसरा आक्षेप: 'मी वकील देतो, दलालाला दलाली देतो, ताईला कशाला त्रास?' हाही चांगला विचार आहे. पण वकील कागद पाहतो. आईची पितळेची भांडी, बाबांचा चष्मा, देव्हाऱ्यातले देव, माळ्यावरच्या गोधड्या यांचे काय करायचे, हे वकिलाला विचारता येत नाही. भंगारवाला दारात उभा असताना 'हे देऊ का हे ठेवू' या प्रश्नाला पैसे देऊन आणलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही. तिथे घरचेच माणूस लागते, आणि ते काम घर विकण्याच्या साऱ्या खटाटोपात सर्वांत जड असते. शिवाय परक्या दलालाच्या हाती सर्वाधिकाराचे मुखत्यारपत्र देणे म्हणजे घराबरोबर कपाटाची किल्लीही देणे होय.

तेव्हा उपाय काय? मी चार गोष्टी सुचवतो. त्यांना कायदेपंडित लागत नाही. पाडव्याच्या दुपारी, जेवणे झाल्यावर, एक तास लागतो.

पहिली: घर ठेवायचे की विकायचे याचे साल ठरवा आणि ते वहीत लिहा. 'बघू' हे साल नव्हे.

दुसरी: मालकी आधी सरळ करा. ज्याचा वाटा आहे त्याला तो द्या. कुणी सोडत असेल तर त्याला वाट्याची किंमत आकड्यात सांगून मगच सही घ्या. आकडा न सांगता घेतलेली सही कायद्यात कशी ठरेल ते वकील सांगतील. नात्यात ती फसवणूकच ठरते.

तिसरी: मुखत्यारपत्र द्यायचे तर खास द्या: हाच ब्लॉक, एवढ्याहून कमी किमतीला नाही, पैसे मालकाच्याच खात्यात. त्यात देणाऱ्याचे रक्षण आहे आणि घेणाऱ्याचेही. उद्या 'ताईने स्वस्तात विकले' असे म्हणायला कुणाला जागा उरत नाही. आपण अनिवासी आहोत हे पहिल्या गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी सांगा, आणि कमी कपातीच्या दाखल्यासाठी अर्ज आधीच करा.

चौथी, आणि हीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते: ताईच्या श्रमाची किंमत आधी ठरवा. दलाल एक-दोन टक्के घेतो आणि कुणालाही त्यात संकोच वाटत नाही. बहिणीला मात्र 'आपल्यात कसले पैसे' म्हणून गप्प करायचे? रिक्षाचे भाडे तिने खिशातून द्यायचे, नोकरीतल्या रजा तिने घालवायच्या, आणि शेवटी दादाने एक साडी पाठवायची? वाटा असेल तर वाट्याशिवाय वेगळे, वाटा नसेल तर मग नक्कीच, किमतीतला ठरलेला भाग तिच्या नावे लिहा. ती नको म्हणेल. तरी लिहा. आणि ज्याला येणे शक्य आहे त्याने घर रिकामे करण्याच्या आठवड्याला तरी स्वतः यावे. बाकीचे सारे मुखत्याराने झाले तरी चालेल, तो आठवडा नाही.

हे वाचून काही बहिणी म्हणतील, 'आमचा दादा तसा नाही हो.' मला माहीत आहे. कुणाचाच दादा तसा नसतो. वाईटपणामुळे हे होत नाही, सवयीमुळे होते. दूर गेलेल्याला अंतरावरून काम सोपे दिसते आणि जवळ राहिलेल्याला तक्रार करणे कमीपणाचे वाटते. या दोन सभ्य माणसांच्या मध्ये एक कुलूप वर्षानुवर्षे गंजत राहते. आणि जे शहर एकदा पुरात बुडाले, ज्याने एका खोलीसाठी माणसे अर्जांच्या रांगांत उभी पाहिली, त्याच शहरात ओल्या भिंतींचे रिकामे ब्लॉक अंधारात बसतात. ते ज्याला हवे आहेत त्याला मिळू द्या. एखादे नवे जोडपे तिथे संसार मांडील आणि पुढच्या दिवाळीत त्या गॅलरीत कंदील लागेल.

यंदाच्या भाऊबीजेला ताटात काय घालावे असा प्रश्न ज्या दादांना पडला असेल, त्यांनी एक कागद घालावा. त्यावर साल लिहावे, तिचा वाटा लिहावा, आणि खाली सही करावी. त्याची साक्ष घ्यायला घरात पुरेशी माणसे त्या दिवशी जमलेली असतातच.